बारावी सुई

३ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते भांडणातसुद्धा चालू असतात. बाकी पत्र मात्र भांडायलाच लिहिते आहे. फोन तू माझा उचलत नाहीस, चौदा महिने झाले. बाबांचा उचलतेस, त्यांच्याशी तासभर खिदळतेस, आणि मी मागून 'जरा मला द्या' म्हटलं की तिकडे तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग लागत नाही. आईने आत किती शिव्या घातल्यात ते बघायला तरी तू हे फोडशील.

तुझी मासिकातली मुलाखत बाबांनी दुकानात लावली आहे, फोमच्या नमुन्यांच्या वर, अगदी डोळ्यांसमोर. खुर्चीची नुसती सीट बदलायला आलेल्या माणसालाही आधी ती वाचावी लागते. 'कार्टून मालिकांमधले वेंधळे बाप' असा मथळा, आणि खाली तू चार बापांना रांगेत उभं करून त्यांची तुलना केली आहेस. एक तो लठ्ठ, जो कामावर झोपतो आणि घरी येऊन छपरावरून पडतो. दुसरा खटपट्या, ज्याचं प्रत्येक यंत्र पाहुणे आले की फुटतं. तिसरा बढाईखोर, जो तरुणपणी म्हणे वाघाशी लढला आणि आता शेजारच्या कुत्र्याला बघून रस्ता बदलतो. आणि चौथा तुझा. कानामागे पेन्सिल, गळ्यात टेप, सोफे शिवणारा आणि बारापर्यंत मोजता न येणारा. त्याच्याबद्दल तू म्हणतेस, 'हा चौघांत सगळ्यात प्रेमळ आहे, कारण हा खरा आहे. मी त्याला माझ्या घरातूनच उचललं आहे.'

उचललंस हा शब्द बरोबर वापरलास. विचारून नेलं असतंस तर दुसरा वापरला असतास.

पहिला भाग लागला त्या दिवशी मी तुला फोनवर म्हटलं होतं की तू बापाला विकलंस. ते शब्द मी परत घेत नाही. तू फोन ठेवलास, मी पुन्हा केला, तू उचलला नाहीस. खाण तशी माती, मी तरी कोणाला नावं ठेवणार!

तुला वाटतं आईला कार्टून कळत नाही. दुपारी दोन ते चार दुकानातला टीव्ही चालू असतो आणि मी हाताने शिवत, कानाने ऐकत आणि मधूनमधून डोळ्यांनी बघत चारही मालिका पुऱ्या केल्या आहेत. तर आता माझी तुलना ऐक. चार घरं, पण आत बाई एकच. केस वेगळे, कपडे वेगळे, बाकी कमरेवर हात, एक भुवई वर आणि तोंडात ठरलेला सुस्कारा. नवरा छपरावरून पडला की शिडी तिने धरायची, यंत्र फुटलं की भिंत तिने पुसायची, कुत्र्याच्या मालकाची माफी तिने मागायची. ती कधी चुकत नाही. तिच्या हातून दूधसुद्धा उतू जात नाही. तुझ्या मालिकेतली तर चष्माही माझ्यासारखा नाकाच्या शेंड्यावर ठेवते. रस्त्यात बायका मला थांबवून म्हणतात, 'वहिनी, तुम्ही आहात म्हणून त्यांचं चाललंय हो!' हे ऐकलं की मी मान खाली घालून पुढे निघते.

ती बाई मी नाही. तिला मालिकेतून काढ, माहेरी पाठव, काहीही कर.

आणि आता हे समारंभाचं नवीन खूळ. पन्नासावा भाग झाला म्हणून १२ मार्चला मोठ्या सभागृहात कार्यक्रम, आणि त्यात 'खरे बाबा' व्यासपीठावर. समोर बारा सुया ठेवायच्या, बाबांनी मोजायच्या, चुकायचं, आणि सगळ्या सभागृहाने तुझ्या मालिकेचं नाव ओरडायचं: 'बाबा, परत मोजा!' बाबा हो म्हणाले आहेत. हो म्हणून थांबले नाहीत, कपाटाच्या आरशासमोर सराव करतात. काल मला विचारत होते, "अगं, सात गाळू की नऊ? कशाला जास्त हसतील?"

मी म्हटलं, "दोन्ही गाळा आणि घरी बसा."

त्यावर तेच मोठ्याने हसले. त्यांना राग येत नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

त्यांना मी पाठवणार नाही. तू पाठवलेली तिकिटं अजून फाडलेली नाहीत, पण कात्री माझ्याच हाताशी असते हे लक्षात ठेव.

तुझी आई


११ फेब्रुवारी

ठकू,

तुझं उत्तर मिळालं. चौदा महिन्यांनंतर चार ओळी! चित्रं काढणाऱ्यांना शब्द इतके महाग पडतात हे माहीत नव्हतं. 'आई, बाबांना हे आवडतं. सुईची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, स्वतः हसत हसत. हसणारा हसतोय, मग तुला काय बोचतंय? स्पष्ट लिही.'

स्पष्ट लिहिते. तुझ्या मुलाखतीत एक चूक आहे.

गेला आठवडाभर मी त्या बापांकडे पुन्हा नीट बघितलं. लठ्ठ छपरावर चढतो तेव्हा कोणाला विचारतो का? नाही. शिडी मोडकी आहे असं मुलगा ओरडून सांगतो आणि हा गाणं म्हणत वर जातो. खटपट्या बटण दाबताना सगळ्यांना जवळ बोलावतो, लांब पळा म्हणत नाही. बढाईखोराची तर गोष्टच नको, कुत्र्याच्या तावडीतून सुटून आला तरी फाटकी विजार दाखवून सांगतो की कुत्र्याला चांगलाच धडा शिकवला. हे तिघं मूर्ख आहेत, पण राजासारखे मूर्ख आहेत. आपण चुकू असं त्यांना स्वप्नातही वाटत नाही, म्हणून त्यांना हसताना मनाला काही लागत नाही. आणि पुढच्या आठवड्यात छप्पर पुन्हा शाबूत असतं.

तुझा चौथा तसा नाही. तो विचारतो. कापड कापायच्या आधी बायकोला हाक मारतो, 'बघ गं, बरोबर आहे का?' दाराची कडी लावून तीनदा ओढून बघतो. मुलीला ताप आला की औषधाची बाटली बायकोच्या हातात देतो, 'थेंब तू मोज, माझा भरवसा नाही.' तू हे सगळं चितारलंस आणि लोक म्हणाले, किती गोड! ठकू, चार बापांत हा एकटाच स्वतःला घाबरलेला आहे. इतकी वर्षं चित्रं काढतेस, आणि एवढा फरक तुझ्या नजरेतून सुटला.

तुझे बाबा आधी असे नव्हते. तू आठ वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. ते कापडाचं अख्खं ठाण नजरेने कापायचे. टेप गळ्यात असायचा तो नुसता ऐटीसाठी. मी म्हणायची, अहो मोजून घ्या, तर म्हणायचे, "डोळे काय शोभेला दिलेत?" कामगारांवर ओरडायचे, गिऱ्हाइकाशी वाद घालायचे, जुन्या सोफ्यातल्या स्प्रिंगा हाताने दाबून सांगायचे की हा अजून किती वर्षं चालेल, आणि तेवढीच वर्षं चालायचा. जरा चढेलच होते म्हण. मला तेव्हा त्यांचा राग यायचा.

या मालिकांमध्ये एक गोष्ट कोणीच दाखवत नाही. बाप पहिल्या भागापासूनच वेंधळा असतो. त्याचा पहिला वेंधळेपणा कुठला, त्या दिवशी घरात कोण होतं, कोणी काय केलं, ते कोणी विचारत नाही.

सराव चालू आहे. आता त्यांनी ठरवलंय की सात गाळायचा, आणि मग गोंधळल्यासारखं करून बोटं मोजायची. फार छान करतात. मी काल स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तू विचारलंस काय बोचतंय. खाई त्याला खवखवे, एवढंच आज लिहिते. जास्त शहाणपणा करून बाबांना फोनवर काही विचारू नकोस.

तुझी आई


१७ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

सुईची गोष्ट तुला जशी माहीत आहे तशी आधी सांगते. नव्या नाट्यगृहाच्या तीनशे खुर्च्यांचं काम आपल्याला मिळालं होतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. पहिल्या चाळीस खुर्च्या गेल्या, उद्घाटन झालं, नाट्यगृहाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत ऐटीत बसले आणि किंचाळून उठले. सीटमध्ये सुई राहिली होती. मांडीत अर्धी गेली, दवाखान्यात नेऊन काढावी लागली. सगळं गाव हसलं. काम गेलं. बाबांनी व्यवस्थापकासमोर उभं राहून सांगितलं, 'मोजण्यात माझी चूक झाली.' तेव्हापासून ते बारापर्यंत मोजता न येणारे बाबा. ही गोष्ट तू त्यांच्या तोंडून ऐकलीस, त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना एवढीच माहीत आहे.

आता माझी ऐक.

आपल्या धंद्यातली वाकडी सुई तू पाहिली आहेस, अर्ध्या बांगडीसारखी. सोफ्याच्या आत हात जात नाही, म्हणून सुईलाच आत जाऊन वळून बाहेर यावं लागतं. ती आत हरवली तर वरून दिसत नाही. म्हणून बाबांचा नियम होता की दुकान बंद करताना सगळ्या सुया बुचाच्या ठोकळ्यात टोचायच्या आणि मोजायच्या. बारा भरल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एकदा एका सुईसाठी त्यांनी शिवून झालेले पाच सोफे उसवले होते.

त्या चाळीस खुर्च्या शिवून झाल्या त्या संध्याकाळी त्यांनी सुया मोजल्या आणि म्हणाले, "अकरा." पुन्हा मोजल्या. "अकराच आहेत. खुर्च्या उसवाव्या लागतील." सकाळी टेम्पो यायचा होता. चाळीस खुर्च्या उसवून परत शिवायच्या म्हणजे रात्र गेली असती. तुझं शाळेत नाटक होतं, तू कासव झाली होतीस. पण मी हे तुझ्यासाठी केलं असं अजिबात लिहिणार नाही. नाटक बुडालं असतं तर तू दोन दिवस रडली असतीस आणि विसरली असतीस. माझी बोटं सुजली होती, पाठ मोडली होती आणि मला घरी जायचं होतं. खरं कारण एवढंच.

माझ्या पर्समध्ये नव्या सुयांचं पाकीट होतं, आदल्या दिवशीच आणलेलं. बाबा खुर्च्या ओळीने लावत होते तेवढ्यात मी त्यातली एक काढली, चमकू नये म्हणून मेणात आणि मशीनच्या तेलात घोळवली आणि ठोकळ्यात टोचली. मग म्हटलं, "अहो, परत मोजा."

हो. तुझ्या मालिकेचं नाव माझं आहे.

त्यांनी मोजल्या. बारा. कपाळावर हात मारून हसले, "अगं, डोळे गेले माझे!" मीही हसले. सुई खुर्चीत नसेलच, फटीत कुठेतरी पडली असेल, उद्या झाडताना सापडेल, असं मी स्वतःला सांगितलं. तुझं कासव बघायला आम्ही वेळेवर पोहोचलो.

इथपर्यंत घाई होती म्हण, आळस म्हण. पुढचं मात्र ठरवून केलं. आठ दिवसांनी नाट्यगृहातून निरोप आला, बाबा धावत तिकडे गेले. दुकानात मी एकटी होते. ठोकळ्यात बारा सुया होत्या. ते परत आले आणि त्यांनी बारा मोजल्या असत्या, तर खुर्चीतली धरून तेरावी कुठून आली हे त्यांना एका क्षणात कळलं असतं. मी एक उपटली, पुसली आणि पाकिटात परत ठेवली.

ते आले. थेट ठोकळा घेतला. तीनदा मोजल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अकराच आहेत गं. मग मी आठ दिवस रोज बारा कशा मोजल्या?"

रोज, ठकू. एकदा चुकले असते तर त्यांनी पचवलं असतं. आठ संध्याकाळी त्यांनी बरोबर मोजलं होतं आणि मी एका क्षणात त्या आठही खोट्या पाडल्या. मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि बाहेर काय पडलं? "जाऊ दे हो, होतं असं माणसाकडून."

पुढचं आणखी वाईट आहे, तेही लिहिते. मला त्याचा फायदा झाला. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, काम वहिनींच्या नजरेखालून जाऊ द्या. कामगार मला विचारायला लागले. नवरा मला हाक मारून माप दाखवायला लागला, आणि मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून 'बरोबर आहे' म्हणायला लागले. सव्वीस वर्षं. ती भुवई वर करणारी शहाणी बाई तू उगीच नाही काढलीस, मीच तशी वागत आले. पण तिच्या घरातला वेंधळा तिनेच तयार केलेला आहे, एवढं तुझ्या चित्रात राहिलं.

तू पहिला भाग केलास तेव्हा मी तुला म्हटलं, तू बापाला विकलंस. चोर तो चोर वर शिरजोर. तरीसुद्धा एक सांगते, तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. मी चुकले म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. तू मोठी झालीस, त्या घरात राहिलीस, आणि तुझा बाप एवढा का घाबरतो हे तू एकदाही न विचारता त्याला रंगवून मोकळी झालीस.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. मीच सांगणार. बारा तारखेच्या आत सांगणार. माझ्या खोट्यासाठी त्यांनी हजार माणसांसमोर सात गाळायचा, हे मी होऊ देणार नाही. सांगितल्यावर ते घरात राहतील की नाही ते माहीत नाही. नाही राहिले तर तो त्यांचा हक्क आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी उघडते आहे. तू मध्ये पडू नकोस.

आई


२० फेब्रुवारी

ठकू,

काल तुझे सात फोन आले. मी एकही उचलला नाही, आणि मीटिंगही नव्हती.

आधी मला बाबांना सांगू दे. तुझ्याशी बोलले तर रडेन, आणि रडून मोकळी झाले तर सांगायचं राहील. मी स्वतःला ओळखते.

आई


१ मार्च

ठकू,

सांगितलं.

मंगळवारी दुपारी, दुकानात, टीव्ही बंद करून. कामगार जेवायला गेले होते. बाबा ठोकळा समोर ठेवून सराव करत होते, पाच, सहा, आठ. मी म्हटलं, "थांबा. मला काही सांगायचंय, आणि मधे बोलू नका." सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. फक्त त्यात कासवाचं नाव घेतलं नाही.

त्यांनी ओरडायला हवं होतं. मी तयारी ठेवली होती. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आठ दिवस रोज बारा होत्या?"

"होत्या."

"म्हणजे मी बरोबर मोजत होतो."

"हो."

"पहिल्यांदा अकरा म्हणालो तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

मला वाटलं आता सुईचं बोलतील, नाट्यगृहाचं बोलतील. ते म्हणाले, "ठकूला ताप यायचा तेव्हा औषधाचे थेंब मी मोजायचो नाही. बाटली तुझ्याकडे द्यायचो. पोरीला माझ्या हातून जास्त जाईल म्हणून मी तिला कधी औषध पाजलं नाही."

एवढंच. हे तुला कळवावं असं मला वाटलं, कारण तुझ्या मालिकेत त्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला घरी आले, जेवले, ताट उचललं आणि दुकानात जाऊन अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर झोपले. तीन दिवस असंच. मीही 'चला आता, झालं गेलं' म्हणायला गेले नाही. झालं गेलं म्हणायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा असतो. चौथ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या फोनवरून तुला काय सांगितलं ते तुला माहीत आहे, मी पडद्यामागून ऐकलं. १२ तारखेला येतील. व्यासपीठावर उभे राहतील. पण बारा सुया असतील तर बाराच म्हणतील. 'लोक हसले नाहीत तर?' असं तू विचारलंस वाटतं, कारण ते म्हणाले, "मग त्यांना दुसरा बाप बघू दे."

तुला अडचण होईल. कार्यक्रम पडेल, तुझे साहेब चिडतील. होऊ दे. मलाही तिथे यायचं आहे. मला कोणी बोलावलेलं नाही हे माहीत आहे. मी आधी प्रेक्षकांत बसेन, आणि बोलायची वेळ आली तर उठून सांगेन की परत मोजा हे कोणी म्हटलं होतं आणि का. पन्नास भाग लोक त्यांना हसले, एकावन्नाव्यात मला हसू दे. मालिकेतल्या त्या बाईचा चष्मा ठेव, भुवई काढून टाक आणि तिला पाडायचं तिथून पाड. तुला जमत असेल तर चांगलं काढ, नसेल जमत तर वाईट काढ, पण काढ.

आता आज सकाळचं सांगते आणि थांबते.

मोठ्या सोफ्याचं काम आलं आहे, गर्द हिरवं मखमली कापड, महागाचं. गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिलेलं. मी सवयीने चष्मा लावून उठले, कारण आता हाक येणार. हाक आली नाही. बाबांनी टेबलावर ठाण उलगडलं, टेप गळ्यातून काढून बाजूला ठेवला आणि खडूसुद्धा न घेता कात्री चालवली. सरळ, एका दमात. कामगार हातातलं काम टाकून बघत राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी जागची हलले नाही.

त्यांनी तुकडा सोफ्यावर पसरला. चार बोटं कमी पडला.

सव्वीस वर्षं त्या डोळ्यांनी काम केलेलं नाही, ते एका दिवसात कसे परत येणार? मला हे कळत होतं. कामगारांनाही कळत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, नेहमीसारखे, की आता वहिनी काहीतरी मार्ग काढतील. मी एक पाऊल पुढे टाकलं.

बाबांनी वळून बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, आणि एवढ्या जोरात की रस्त्यावर ऐकू गेलं.

"चुकलं! माझं चुकलंय. हे माझं आहे, याला तू हात लावायचा नाहीस."

मी मागे झाले. त्यांनी तो तुकडा घडी करून बाजूला ठेवला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, उरलेलं कापड टेबलावर ओढलं आणि दुसरा तुकडा कापायला घेतला. मला न विचारता.

तुझी आई